वारशातले .४५५ रिव्हॉल्व्हर आणि घरी ओतायच्या जड गोळ्या: सत्तरीतील एक प्रकरण

म्हादई अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यातील एका गावात सुपारी, नारळ आणि केळीचे कुळागर असलेल्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. शस्त्राचे आणि कायद्याचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. घरातील आजोबा ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात अधिकारी होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले वेब्ली मार्क ६ हे रिव्हॉल्व्हर निवृत्तीनंतर मुंबईतल्या घरी राहिले. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी कुटुंब गावी परतले, परवान्याची नोंद गोव्यात झाली आणि पुढे तो वडिलांच्या नावावर चढला. वडील वारल्यानंतर थोरल्या मुलाने कुळागर सांभाळायला घेतले. रिव्हॉल्व्हर कपाटात, सोबत मूठभर रिकामी पितळी कवचे आणि हिरवट पडलेली काही जुनी काडतुसे, अशी स्थिती होती. केळीच्या बागेत रानडुकरांचा उपद्रव दर पावसाळ्यानंतर वाढत चालला होता.

याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेला मावसभाऊ सुट्टीवर आला. तिकडे तो स्वतःची काडतुसे स्वतः भरतो: शिशाचा मिश्रधातू वितळवून साच्यात जड गोळ्या ओततो, वापरलेल्या कवचात नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसवून मोजून दारू भरतो आणि गोळी दाबून कवचाचे तोंड आवळतो. तो राहतो त्या राज्यात हा कायदेशीर आणि रूढ छंद आहे. कपाटातले रिव्हॉल्व्हर पाहिल्यावर त्याने सुचवले, "दादा, बाजारात याचं काडतूस मिळत नाही म्हणून कशाला अडून बसतोस? साचा मी पाठवतो, शिसं तुझ्याकडे आहेच." शिसे खरोखरच होते. म्हापशात बंद पडलेल्या एका छापखान्यातून भंगारात घेतलेल्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचे, पोते पडवीत पडून होते. योजना अशी ठरली की मूळ गोळीपेक्षा जड, सुमारे ३०० ग्रेनची (१९.४ ग्रॅमची), सपाट नाकाची कडक गोळी ओतायची, म्हणजे डुकराला एकच पुरेल.

थोरल्या भावाने माझ्याकडे, म्हणजे शस्त्र परवान्यांची कामे पाहणाऱ्या वकिलाकडे, एकच प्रश्न आणला: स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला वेगळा परवाना लागतो काय? प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. परंतु त्याच्या आधी आणखी तीन प्रश्न उभे होते, आणि ते कोणीच विचारले नव्हते. हे रिव्हॉल्व्हर ती गोळी सोसेल काय, ते आज त्या घरात असणे कायदेशीर आहे काय, आणि डुकरावर ते चालवता येते काय? पहिल्या प्रश्नावर मी अधिक वेळ दिला, कारण कायद्याचे "नाही" माणसाला अन्यायाचे वाटू शकते, पोलादाचे "नाही" पटवून द्यावे लागत नाही.

शस्त्राची बाजू

मार्क ६ हे १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेले, वेब्लीच्या लष्करी रिव्हॉल्व्हरांच्या मालिकेतले शेवटचे .४५५ मापाचे शस्त्र. वजन सुमारे १.१ किलो, नळी सहा इंची, आणि वरच्या बाजूची कडी दाबली की चौकट बिजागरीवर मधोमध दुमडून सहाही कवचे एकदम बाहेर येतात. ही दुमडणारी चौकट हाताळायला सोयीची असली तरी एकसंध चौकटीइतकी ताकद तिच्यात नसते. बाराचा सगळा ताण शेवटी त्या कडीवर आणि बिजागरीच्या खिळीवर येतो.

या शस्त्रासाठी केलेले काडतूस मुळातच "जड आणि सावकाश" या विचाराचे आहे. गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १७.२ ग्रॅम, मऊ शिशाची आणि मागून पोकळ. वेग सेकंदाला १९० मीटरच्या आसपास. युरोपीय प्रमाणमंडळाने या काडतुसासाठी ठरवलेला कमाल दाब ९०० बार (दाबाचे एकक) आहे. मावसभाऊ अमेरिकेत जे .४५ कोल्ट काडतूस भरतो त्याची प्रमाणित मर्यादा १४,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे साधारण ९६५ बार. हे दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात, आणि गोळ्यांचे व्यासही: कोल्टची आजची गोळी .४५२ इंच, वेब्लीची .४५४ च्या आसपास. फसगत नेमकी इथे होते. मावसभाऊ ३०० ग्रेनची कडक गोळी वापरतो ती प्रमाणित दाबाने नव्हे, तर जाड भिंतीच्या चक्राच्या (चक्र म्हणजे काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) आधुनिक, एकसंध चौकटीच्या रिव्हॉल्व्हरातून, त्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपासच्या दाबाने. ते रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनवलेले आहे, आणि तिथे त्याचा अनुभव चुकीचा नाही. तो अनुभव सत्तरीतल्या शंभरीच्या शस्त्राला लागू होत नाही, एवढेच.

अमेरिकेत या गोष्टीला स्वतःचा इतिहास आहे. एल्मर कीथ या प्रसिद्ध शिकारी लेखकाने १९२० च्या दशकात .४५ कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरात जड गोळ्या भरताना चक्रे फोडली. त्या मापाच्या चक्रातल्या घरांमधली भिंत पातळ राहते, हे ओळखून तो .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला आणि त्याच्या पाठपुराव्याचा शेवट पुढे १९५५ मध्ये आलेल्या .४४ मॅग्नममध्ये झाला. म्हणजे जड ओतीव गोळीचे सगळे शास्त्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या माणसाने केवळ दारू वाढवून नव्हे, तर आधी शस्त्र बदलून आपला प्रश्न सोडवला.

आता गोळी जड केल्याने काय होते ते पाहू. कवचाची लांबी ठरलेली, काडतूस चक्राच्या घराबाहेर डोकावून चालत नाही. त्यामुळे जास्तीचे शिसे मागे, कवचाच्या पोटात जाते आणि दारूला उरलेली जागा घटते. जागा घटली की तेवढ्याच दारूचा दाब वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही. आधी संथ, मग एकाएकी. मार्क २ काडतुसापासूनचे .४५५ चे कवच आधीच आखूड आहे, म्हणून इथे एक-दोन मिलिमीटरही क्षुल्लक नसतात. उलट दारू कमी करून दाब मूळ मर्यादेत ठेवला, तर हाती काय लागते? मूळ गोळीची ऊर्जा सुमारे ३१० ज्यूल भरते. ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅमची, गोळी तेवढ्याच ऊर्जेने निघाली तर तिचा वेग सेकंदाला १७९ मीटरच्या घरात येतो आणि संवेग वाढतो तो जेमतेम सहा टक्क्यांनी. म्हणजे धोका पत्करायचा नसेल तर लाभ नाममात्र, आणि लाभ हवा असेल तर धोका पुरता. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मावसभाऊ बराच वेळ गप्प होता, नंतर म्हणाला, "हे मी कधी उलट बाजूने मोजलंच नव्हतं."

दुसरा मुद्दा खिळ्यांच्या धातूचा, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत बोधक आहे. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता (धातू किती कडक हे मोजायचे एक माप) ५ च्या आसपास असते. लायनोटाइप या ओळी ओतणाऱ्या छपाईयंत्राच्या, म्हणजे साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असलेल्या, धातूची २२ च्या आसपास. हाताने जुळवायचे सुटे खिळे याहूनही कडक असतात, कारण ते वर्षानुवर्षे छपाईच्या दाबाखाली झिजता कामा नयेत. पडवीतल्या पोत्यातला एक खिळा नखाने ओरखडून पाहिला तर चराही उमटला नाही. मासेमारीच्या जाळ्याचे शिसे तसेच ओरखडल्यावर नख रुतले. "कडक तितके चांगले" अशी समजूत इथे उलटी पडते. कमी दाबाच्या शस्त्रात गोळी मऊच हवी असते. दारूचा वायू मागून ढकलताना मऊ गोळीचा पोकळ तळ फुलतो आणि नळीतल्या आट्यांना (पिळदार खाचांना) घट्ट बसतो. मार्क ६ च्या पुष्कळ नगांत चक्राच्या घराचे पुढचे तोंड नळीपेक्षा किंचित अरुंद असते. मऊ गोळी त्यातून दबून बाहेर पडते आणि नळीत पुन्हा फुलते, हे मूळ रचनेत गृहीतच धरलेले आहे. खिळ्यांच्या धातूची गोळी अरुंद तोंडातून दबून निघाली की पुन्हा फुलत नाही. बाजूने गरम वायू निसटतो, शिसे वितळून आट्यांत थर धरते, नेम जातो, आणि थर साचत गेला की पुढच्या गोळीचा अडथळा वाढतो.

रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुरुस्तीकाराकडे तपासणीसाठी गेले तेव्हा त्याने तीन गोष्टी दाखवल्या. वरची कडी बंद केल्यावरही चौकट बोटाने दाबली की जाणवण्याइतकी हलत होती. चक्र आणि नळी यांच्यामधली फट एका बाजूला जास्त होती. सहापैकी दोन घरांच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे होते. गोव्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या पोलादाचे असेच होते. चामडे ओल धरून ठेवते. त्याचे मत मूळ दाबाचे कारखानी काडतूससुद्धा यातून सोडू नये असे होते.

रिकाम्या कवचांची कथा थोडक्यात सांगता येते. ती लष्करी होती, बर्डन पद्धतीच्या प्रायमरची. म्हणजे प्रायमरची ऐरण कवचातच घडवलेली आणि मधोमध छिद्र नाही, त्यामुळे नेहमीच्या सुईने जुना प्रायमर निघत नाही. शिवाय जुन्या प्रायमरमधला पारा पितळाला ठिसूळ करतो. ती कवचे पुन्हा भरण्याच्या लायकीची नव्हती.

कायद्याची बाजू

थोरल्या भावाचा युक्तिवाद मला आवडला, कारण तो इथल्या मातीतला होता. त्याचे म्हणणे होते, "वकीलसाहेब, गावात ठासणीच्या बंदुका आहेत. शेतकरी दर बाराला स्वतः दारू ओततो, छर्रा घालतो, ठासतो. त्याला कोणी विचारत नाही. मग मी पितळेच्या नळकांडीत तेच केलं तर काय बिघडलं?"

बिघडते ते असे. ठासणीच्या बंदुकीत भरणे हा शस्त्र वापरण्याचाच भाग आहे. परवान्यात बंदुकीसोबत दारू आणि टोप्या यांची नोंद असते. काडतूस मात्र शस्त्राबाहेर तयार होणारी, साठवता येणारी आणि दुसऱ्याच्या हाती जाऊ शकणारी वस्तू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ ने बाळगणे आणि बनवणे यांचे रस्ते वेगळे ठेवले आहेत. कलम ३ शस्त्र व दारूगोळा बाळगण्याच्या परवान्याचे, तर कलम ५ निर्मिती, विक्री, दुरुस्ती अशा कामांच्या परवान्याचे. कलम ३ खालचा परवाना कितीही जुना असला तरी तो कलम ५ चे दार उघडत नाही, आणि "स्वतःच्या वापरापुरते" ही सवलत त्या कलमाच्या शब्दांत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाने निर्मिती करणाऱ्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याआधी ती तीन ते सात वर्षे होती. छंद म्हणून केले हे कारण शिक्षेच्या मोजमापात कदाचित उपयोगी पडेल, गुन्हा ठरण्यापासून वाचवणार नाही.

त्याहून बारीक मुद्दा व्याख्येचा आहे. कलम २ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. म्हणजे एकही काडतूस पूर्ण झालेले नसताना, नुसत्या ओतलेल्या गोळ्या हाच दारूगोळ्याचा भाग असल्याचे म्हणता येते, आणि परदेशातून टपालाने आलेला साचा व दाबयंत्र यांच्याबद्दलही तोच आक्षेप निघू शकतो. कलम ४५ किरकोळ सुट्या भागांना सूट देते, पण ते भाग पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तरच. ज्या घरात त्याच मापाचे रिव्हॉल्व्हर आहे तिथे हेतू नव्हता असे सांगणे कठीण. सुदैवाने साचा अजून मागवलेला नव्हता आणि खिळे पोत्यातच होते. छापखान्याचा भंगार धातू बाळगणे हा गुन्हा नाही.

दुसरा न विचारलेला प्रश्न याहून तातडीचा होता. परवानाधारक वारल्यावर त्याचे शस्त्र वारसाच्या ताब्यात आपोआप कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वडिलांच्या बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत हे राहून जाते, नंतर वर्षश्राद्ध येते, आणि शस्त्र कपाटातच असते. बहुतेक घरांत यामागे लपवण्याचा हेतू नसतो. "परवाना आहे ना घरात" एवढाच समज असतो. पण परवाना घराला नसतो, माणसाला असतो. गोळ्यांची चर्चा बाजूला ठेवून आम्ही त्याच आठवड्यात, उशिराचे कारण देणाऱ्या लेखी निवेदनासह, रिव्हॉल्व्हर आणि जुनी काडतुसे जमा केली. वर सांगितलेली दुरुस्तीकाराची तपासणी त्यानंतर, विक्रेत्यामार्फतच झाली.

त्यातही एक गाठ होती. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत .३८० आणि .४५५ ची रिम (तळाशी बाहेर आलेली कड) असलेली काडतुसे घेऊ शकणारी रिव्हॉल्व्हरे वरच्या, बोलीभाषेत "प्रोहिबिटेड बोअर" (प्रतिबंधित माप) म्हणतात त्या, वर्गात येतात. शेतीरक्षणाच्या बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयात मार्गी लागतो. या वर्गाचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. थोरल्या भावाच्या नावावर एक शेतीरक्षणाची बंदूक आधीच होती. २०१९ नंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाचे शस्त्रही त्या मोजणीत धरले जाते, म्हणून संख्येची अडचण आली नाही.

वारसांच्या संमतीची मात्र आली. गोव्यात विवाहित मुलगीही समान वारस असते, आणि आईचा वाटा वेगळा. संपत्तीची वाटणी आणि शस्त्राचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी परवाना एकाच्या नावावर व्हायचा तर बाकीच्यांचे ना-हरकत पत्र लागते. आईने सही केली. सावंतवाडीला दिलेल्या बहिणीने पत्र वाचून ठेवून दिले. तिचा आक्षेप वाट्याचा नव्हता. "आजोबांची आठवण म्हणून ठेवतोस तर माझी सही घे," ती फोनवर म्हणाली, "डुकरं मारायला ठेवतोस तर घेऊ नकोस. घरात दोन लहान पोरं आहेत, आणि तू चुलीवर शिसं वितळवायला निघालास." शिशाच्या धुराचा आणि भुकटीचा धोका तिने शास्त्र म्हणून मांडला नाही, पण मुद्दा अचूक होता, शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते आणि ते सुरक्षित मानावे अशी पातळी वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही.

रानडुकराचा प्रश्न

तिसरा प्रश्न बहिणीनेच उघडा केला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर संरक्षित प्राण्यांच्या अनुसूची २ मध्ये आहे. त्याला मारणे ही शिकार ठरते. गवा, जो गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि याच कुळागरात केळी तुडवतो, अनुसूची १ मध्ये आहे. जिवावर बेतल्यावर सद्भावनेने केलेला स्वसंरक्षणाचा वार कायदा गुन्हा मानत नाही, पण रात्री बागेत दबा धरून बसणे त्यात बसत नाही. शिवाय म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले आहे, आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. या कुळागराची वरची गडग (दगडी बांध) ओलांडली की अभयारण्य सुरू होते. जखमी डुक्कर पळून गडगेपलीकडे गेले आणि मागोमाग माणूस रिव्हॉल्व्हर घेऊन गेला, तर एका रात्रीत दोन कायद्यांखाली प्रकरण उभे राहते.

शेतीरक्षणाच्या बंदुकीबद्दलही गावात असाच गैरसमज आहे. नावात रक्षण आहे म्हणून मारण्याची मुभा आहे असे लोक धरून चालतात. तिचा कायदेशीर उपयोग मुख्यतः आवाज करून हाकलण्याचा आहे, आणि आवाजासाठी जड गोळी लागत नाही.

निर्णय आणि सद्यस्थिती

शेवटी मावसभावानेच माघार घेतली, आणि ती कायद्यामुळे नव्हे. दुरुस्तीकाराने हलवून दाखवलेली कडी त्याला पुरेशी होती. परतीच्या आधी त्याने कुळागराच्या वरच्या बाजूने सौर ऊर्जेवर चालणाऱ्या विद्युत कुंपणाची आखणी करून दिली, खर्चाचा निम्मा भाग उचलला. त्या बाजूने डुकरे आता कमी उतरतात. ओहोळाच्या बाजूने अजून येतात, कारण तिथे तार टिकत नाही; पावसाळ्यात पाणी खांब उखडते.

परवान्याच्या अर्जाचा मजकूर बदलला. कारण म्हणून आता शेतीरक्षण किंवा स्वसंरक्षण नाही, कौटुंबिक वारसा एवढेच लिहिले आहे. त्यासोबत दुरुस्तीकाराचा लेखी अभिप्राय जोडला, कारण शस्त्र बार काढण्याच्या स्थितीत नाही हे अर्जदाराने स्वतःहून सांगितलेले पुढे तपासात सापडण्यापेक्षा बरे. हवा असलेला दारूगोळा या रकान्यात शून्य लिहिले. त्यानंतर बहिणीचे ना-हरकत पत्र आले. हिरवट पडलेली जुनी काडतुसे परत मिळावीत अशी मागणी केलेली नाही.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पोलीस अहवालासह पुढे गेला आहे आणि मंत्रालयाचे उत्तर यायचे आहे. तोपर्यंत रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडे जमा आहे, त्याची ठेव-पावती थोरल्या भावाकडे आहे, आणि पावतीची मुदत वाढवण्याचा अर्ज वेळेत जाईल याची नोंद माझ्या कार्यालयाने ठेवली आहे. मंत्रालयाने नकार दिला तर त्या वर्गाचे शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या दुसऱ्या परवानाधारकाला ते विकणे किंवा सरकारजमा करणे, हे दोनच मार्ग उरतात; कुटुंबाने त्यातला कोणता घ्यायचा हे अजून ठरवलेले नाही. खिळ्यांचे पोते भंगारवाल्याने शिशाच्या भावाने नेले.